शुक्रवारची सुट्टी

रांगेत माझ्या पुढं उभा असलेला चष्मेवाला त्र्यंबक मित्राची फजिती सगळ्या स्टँडला ऐकवत होता, ते मला मुळीच पटलं नाही. दोघंही वेगवेगळ्या गिरण्यांत कॉम्प्युटरवर कामाला.

“हंबीर, पाळ्या लावायचा माझा प्रोग्रॅम तू फ्लॉपीवरून जसाच्या तसा चढवलास?”

“व्हय. तूच म्हणालास की, चालतोय म्हणून.”

“चालतोच! पण आमच्या गिरणीला सुट्टी शुक्रवारी. तुमच्या?”

“सोमवारी.”

“मग काल शुक्रवारी कामावर कोण आलं?”

“सायेब. एकटंच. कागदावर समद्यांच्या नावाम्होरं सुट्टी छापलीती.”

“तू तरी जायचंस!”

“माझ्याबी नावाम्होरं सुट्टीच हुती की.”

रांग हसली. मीही पदर तोंडाला लावला.

“हसू नगंस, त्र्यंबक. आज दुपारपतोर नीट कागद दिला न्हाय तर कायमचा घरी बस म्हणाल्यात सायेब. कुठली ओळ बदलायची तेवढं सांग.”

“शोध की. जरा डोकं चालव.”

तेव्हा मात्र मी त्र्यंबकाच्या खांद्यावर छत्रीची मूठ टेकवली.

“ए चष्मेवाल्या, माझ्याकडं विरजण मागाय आलेल्या बाईला दूध किती कोमट पायजे तेबी मी सांगती. तू नुसतं विरजण दिलंस, आन् दही नासलं म्हणून हसाय लागलायस. देणारा हाईस, पर निम्माच हाईस. ऱ्हायलेला निम्मा, गाडी यायच्या आत, त्याच्या वहीत लिही.”