‘टुंग’ न करणारं अपडेट

जुन्या सॉफ्टवेअरचा विषय काढलास म्हणून सांगतो. आमच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात बिलं बनवायचं एक म्हातारं सॉफ्टवेअर होतं. बिल सेव्ह झालं की ते मोठ्यानं ‘टुंग’ करायचं. नव्या आवृत्तीत आमच्या टीमनं तो आवाज काढला आणि रविवारी मी घरी बसूनच सगळ्या कॉम्प्युटरवर अपडेट टाकलं. एकही एरर नाही, मी खूश!

सोमवारी सकाळीच गेटवरून वॉचमनचा फोन. "सर, होसकोटेला जाणारा ट्रक एकच आहे, बिलं पाच आलीत. बाकीचे चार ट्रक कुठं आहेत?"

मी धावत डिस्पॅचला गेलो. तिथं बिलं करणाऱ्या सुमनअक्का, मूळच्या निपाणीच्या, सेव्हचं बटण दाबतच होत्या.

"अक्का, थांबा! बिल कधीच सेव्ह झालंय."

"कुठं झालंय? आवाज आला नाही की!"

"आवाज आम्ही काढून टाकलाय."

"का? त्यानं काय घोडं मारलं होतं तुमचं?"

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून हाक आली, "सर, माझं पण सेव्ह होत नाहीये!" मग त्याच्या पलीकडून. बाहेर ट्रकवाला हॉर्न बडवत होता.

जादाची बिलं रद्द करून ट्रक सोडला. दुपारी आवाज परत घातला आणि सगळ्या कॉम्प्युटरवर पुन्हा अपडेट टाकलं.

संध्याकाळी मोठे साहेब आले. "काय, नवीन सॉफ्टवेअर कसं आहे?"

मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाल्या, "एकदम छान, सर! अगदी जुन्यासारखं चालतंय."