भिंतीपलीकडचा दवाखाना

दवाखान्यात शेवटचा नंबर माझा होता. काठी टेकत आलेल्या आजोबांना नंबर पुकारणाऱ्या बाईंनी दारातच अडवलं.

“आजोबा, तुमचा नंबर केव्हाच गेला. आता उद्या या.”

“उद्या? गुडघ्याने रात्रभर डोळ्याला डोळा लागू दिला नाही. आणि गेला कसा? माडीच्या खिडकीतून तुमची नंबरांची पाटी पाहिली तेव्हा पाचवा चालू होता, फोनवर घेतलेला माझा नववा.”

“घरातून पाटी दिसते तुम्हाला?”

“न दिसायला काय झालं? या मागच्या भिंतीला लागूनच आमचं घर.”

“मग एवढा उशीर?”

“कॉलनीचं फाटक, हमरस्ता, पूल, मग तुमची गल्ली. रिक्षाने पाऊण तास.”

“पूर्वी मधून पायवाट होती ना?”

“होती. परक्यांची वर्दळ नको म्हणून आम्हीच भिंत घातली. अर्जावर पहिली सही माझी.”

“धन्य आहे!”

“तेव्हा गुडघे धडधाकट होते हो. बरं, संध्याकाळी येतो.”

“संध्याकाळचा दवाखाना बंद केलाय. दिवसातून दोनदा एवढा वळसा डॉक्टरांना झेपत नाही. तुमच्याच कॉलनीत राहतात ना ते?”

“हो. भिंतीच्या उद्घाटनाची फीत त्यांनीच कापली होती.”