ग्रुपवर गेलेला मास्तर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सन्माननीय चिटणीस, व्यासपीठावरचे आदरणीय मुख्याध्यापक, शालेय समितीचे सदस्य, माझे शिक्षक व शिक्षकेतर सहकारी, पालक, माजी विद्यार्थी आणि माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो. शिवाय तिसऱ्या रांगेत काठीवर बसवलेल्या त्या फोनमधून जे कोणी आपल्याला पाहताहेत असं मला सांगण्यात आलं आहे, त्या अदृश्य मान्यवरांनाही माझा नमस्कार.

निवृत्तीच्या दिवशी माणसाला स्वतःबद्दल फार चांगलं ऐकायला मिळतं. माझ्याआधीच्या वक्त्यांनी मला ऋषितुल्य म्हटलं, निगर्वी म्हटलं, 'विज्ञान जगलेला शिक्षक' असंही कुणीतरी म्हटलं. डोळे भरून यावेत असे शब्द. माझे आले नाहीत, गैरसमज नसावा. हे सगळे शब्द मी पूर्वी वाचलेले होते, एवढंच कारण. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी वारलो होतो, तेव्हा.

हसा, हसा. पण ज्यांनी ते लिहिले ते याच सभागृहात बसलेत, त्यांच्याकडे बघून हसा.

मघाशी आमचे मुख्याध्यापक माझ्या कानात म्हणाले, "सर, दोन शब्द बोला, जुनं काही काढू नका." साहेब, आयुष्यभर केमिस्ट्री शिकवली. तळाशी काय बसलंय ते बघितल्याशिवाय नळी विसळायची सवय नाही मला.

आता कामाचंच बघा. अकरावीच्या मुलांना मी दरवर्षी एक प्रयोग दाखवतो. परीक्षानळी कोमट पाण्यात धरली की काचेला आतून हळूहळू चांदी चढते आणि नळीचा आरसा होतो. पोरं श्वास रोखून बघतात. दोन वर्षांपूर्वी अशीच चांदी चढली, एक मुलगी अभावितपणे "अय्यो" म्हणाली, आणि मागून फोटो काढणाऱ्या सहकाऱ्याचा आवाज आला, "सर, तो आरसा धुऊन पुन्हा करा की, फोटो हलला!" उपक्रमाचा फोटो वरच्या अधिकाऱ्यांच्या ग्रुपवर पाठवायचा होता. मी आरसा धुतला. पुन्हा केला. फोटो चांगला आला म्हणतात. त्या मुलीनं मात्र दुसऱ्यांदा "अय्यो" म्हटलं नाही. पूर्वी तास मुलांच्या डोक्यात झाला की झाला असं आपण धरत होतो. आता तो ग्रुपवर पडला की होतो. आणि मेलेला माणूसही तसाच, ग्रुपवर पडला की मेला.

त्याचंच सांगतो.

दिवस बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षांचे. मी माढ्याच्या एका कॉलेजात बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. परीक्षा सुरू होण्याआधी फोन बंद करून तिथल्या ऑफिसात ठेवला, कारण प्रयोगशाळेत तो नेता येत नाही. इकडे आपल्या प्रशालेत साहेबांना माझी आठवण झाली. त्यांच्या खोलीपासून शिक्षककक्ष किती लांब आहे? दोन खोल्या ओलांडल्या की आलं. उठून येणं, दारातून हाक मारणं, हे झाले मागासलेले मार्ग. साहेबांनी 'प्रशाला परिवार' या आपल्या ग्रुपवर विचारलं, "वीरभद्रप्पा सर आहेत का?"

त्या प्रश्नावर लगेच एक सुविचार पडला. मग सूर्यफूल. मग कुणाच्या तरी लेकीचा वाढदिवस, तिला शुभेच्छा, शुभेच्छांबद्दल आभार. या सगळ्याखाली आमच्या गणिताच्या अभिमन्यू सरांनी प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "वीरभद्रप्पा सर गेले." पुढं 'माढ्याला' लिहिणार, तोवर घंटा झाली आणि ते वर्गावर गेले. घंटा झाल्यावर वर्गावर जाणं, ही त्यांची चूक.

पहिलं 'ॐ शांती' कुणी लिहिलं त्यांचं नाव मी घेणार नाही. ते आत्ता पाणी पिताहेत.

मग काय विचारता! भावपूर्ण, अश्रुपूर्ण, कधीही न भरून येणारी पोकळी. एकानं लिहिलं, "कालच भेटले होते, म्हणाले, आता थकलो." त्या गृहस्थांची आणि माझी दिवाळीपासून गाठ नव्हती. दुसऱ्यानं माझी शेवटची इच्छा लिहिली. मला स्वतःला ती तेव्हाच कळली. माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप, समाजाचा ग्रुप, आमच्या वळसंग गावाचा ग्रुप, सगळीकडे बातमी पोचली. सोबत फोटो. तो होता हंपीच्या सहलीतला. त्यात माझ्या हातात मिरचीभजी होती. हात कापला, भजी गेली, काळी चौकट आली, हार चढला. आज फाटकावर माझ्या गौरवाचा जो बोर्ड लागलाय ना, त्यावरही तोच फोटो आहे. हार फक्त काढलाय.

आता मला सांगा, एवढ्या शोकाकुल माणसांपैकी माझ्या घरी कोण गेलं? इथून माझ्या घरापर्यंत मधे एक पिठाची गिरणी आणि एक मारुतीचं देऊळ. कुणी गेलं नाही. बरं, फोन कुणी केला?

केला. एकानं केला. फ्लेक्स छापणाऱ्यानं.

माझी पत्नी कमलम्मा ज्वारी निवडत बसली होती. फोन आला, "काकू, सरांचा एखादा क्लिअर फोटो हाय का? आलाय तो मोठा केला की फुटतोय."

"कशाला पाहिजे?"

"श्रद्धांजलीचा बोर्ड हाय की. माजी विद्यार्थ्यांची ऑर्डर हाय, अर्जंट."

"कुणाची श्रद्धांजली?"

मग तो "सॉरी काकू" म्हणाला आणि फोन ठेवला. आपण विधवा झालो, हे माझ्या बायकोला असं कळलं.

तिनं माझा नंबर लावला. बंद. परत लावला. बंद. प्रशालेचा लावला, उचलायला कुणी नव्हतं, कारण तुम्ही सगळे मैदानावर माझ्या शोकसभेला उभे होता. ती तशीच निघाली. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात माझी. गिरणीवाल्यानं हाक मारली, तिला ऐकू आली नाही. फाटकातून आत आली तेव्हा मौन चालू होतं, सगळ्यांच्या माना खाली. एकच मान वर होती, शूटिंग करणाऱ्याची. तिला वाटलं, या माणसाला विचारावं. तिनं तोंड उघडायच्या आधी तो हलक्या आवाजात म्हणाला, "काकू, जरा बाजूला व्हा. फ्रेममध्ये येताय."

अध्यक्ष महाराज, ती बाजूला झाली. तिला वाटलं, असंच असतं. नवऱ्याच्या शोकसभेत माझी बायको फ्रेमच्या बाहेर उभी राहिली, मौन संपेपर्यंत.

मौन संपल्यावर ती साहेबांसमोर गेली. "कुठं झालं? कुणी बघितलं त्यांना?"

साहेब म्हणाले, "वहिनी, धीर धरा. ग्रुपवर आलंय."

"ग्रुपवर कुणी टाकलं?"

कुणाला ठाऊक! सगळे अंगठ्यानं वर वर सरकवायला लागले. शोक, शोक, शोक, सूर्यफूल. आणि गर्दीच्या मागून अभिमन्यू सर, चेहरा पांढराफटक, म्हणाले, "काकू, मी... मी फक्त सर गेले म्हणालो. माढ्याला गेले. परीक्षेला."

कमलम्मा म्हणाली, "मग तिथं फोन लावा."

एवढं शहाणपण त्या मैदानावर तोवर कुणाला सुचलं नव्हतं. माढ्याच्या कॉलेजच्या ऑफिसात फोन लागला. तिथले क्लार्क प्रयोगशाळेच्या दारात येऊन मला म्हणाले, "सर, तुमच्या शाळेतनं फोन आहे. तुम्ही आहात का विचारतायत." मी वैतागून म्हणालो, "दिसत नाही का?" आणि जाऊन फोन कानाला लावला. पलीकडे कमलम्मा. ती एवढंच म्हणाली, "अदीरेन्री?" आमच्या कन्नडात, आहात का? मी म्हणालो, "अदीनि." आहे. मग मला फक्त तिचा श्वास ऐकू येत होता आणि मागं कुणीतरी म्हणत होतं, "व्हिडिओ डिलीट करा, व्हिडिओ डिलीट करा."

इथं ही हकिकत संपायला हवी होती. पण वळसंगला माझा धाकटा भाऊ आहे, शिवकुमार. आम्ही त्याला शिवू म्हणतो. शेताच्या बांधावरून आमचं वाजलं होतं आणि कित्येक वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. माझ्या मुलीच्या लग्नालाही तो आला नाही. त्याच्याकडे साधा फोन. शेजाऱ्यानं आपल्या फोनवर त्याला माझा काळ्या चौकटीतला फोटो दाखवला. शिवू पाणी सोडायला निघाला होता. खोरं तिथंच टाकून, चिखलाच्या पायांनी तो मोटारसायकलवर बसला.

घरी पोचला तेव्हा कमलम्मा परत आली होती. तिनं त्याला सांगितलं, "भावजी, ते आहेत. माढ्याला आहेत. फोनवर बोलले माझ्याशी." त्यानं ऐकलं नाही. पायरीवर बसला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा म्हणाला, "फोनवर मेला, आन् फोनवरच जित्ता झाला व्हय? मी कशावर इश्वास ठिवू? डोळ्यानं बघितल्याबिगर मी हितनं उठत न्हाय." पाणी दिलं, प्यायला नाही.

मी एस.टी.नं संध्याकाळी परतलो. कोपऱ्यावर माझाच बोर्ड लागलेला. दोन मुलं उतरवत होती, लाजेनं माझ्याकडे बघत नव्हती. पुढं घराची पायरी, आणि पायरीवर शिवू. मी जवळ गेलो. तो उठला. माझा हात धरला, दंडापर्यंत चाचपला, जसा बाजारात बैल चाचपतात. "हाईस की रं," म्हणाला. आणि मग एकदम भडकला. "लाज न्हाय वाटत? एवढ्या वर्षांत एक हाक मारली न्हाईस मला! मेल्यावर कळवणार हुतास व्हय?"

आम्ही दोघं आत जाऊन जेवलो. तेव्हापासून तो येतो, मी जातो. बांध जिथं होता तिथंच आहे.

तुम्हाला वाटेल, म्हणजे शेवटी ग्रुपमुळं भाऊ मिळाला, ग्रुपचे आभार माना! नाही मानणार. घराला आग लागली म्हणून शेजारी धावून आला, तर आगीला हार घालत नाहीत.

आणि तुमचं काय झालं? साहेबांनी ग्रुपवर लिहिलं, "सदर मेसेजकडे दुर्लक्ष करावे." सदर मेसेज म्हणजे मी. त्याला अंगठे आले. हात जोडलेली चित्रं आली, पिवळ्या हातांची, ओळीनं. तेच हात तुम्ही कुणी मेल्यावर जोडता, वाढदिवसाला जोडता, सुट्टी मागताना जोडता. काही जणांनी पुढेही 'ॐ शांती' लिहिलं, कारण त्यांनी वरचं वाचलं नव्हतं, ते कधीच वाचत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये आलो, तर सगळे फोनमध्ये डोकं घालून बसलेले. कुणी म्हणालं नाही की सर, चुकलं. कुणी विचारलं नाही की वहिनी कशा आहेत. सांगतो. मी बाहेरगावी असताना फोन वाजला की कमलम्मा तो उचलत नाही. शेजारणीकडे नेऊन देते आणि म्हणते, आधी तुम्ही ऐका.

घरी आले ते एकटे अभिमन्यू सर. ज्यांनी एक शब्दही खोटा लिहिला नव्हता, तेच आले. कमलम्मासमोर बसले. तिनं त्यांना चहा दिला. जाताना ती त्यांना म्हणाली, "पुढच्या वेळी पूर्ण वाक्य लिहा." सर, तुम्ही कुठं बसलाय? हां. तुमचा मी मनापासून आभारी आहे.

संस्थेचा आभारी आहे, तिनं मला प्रयोगशाळा दिली. प्रशालेच्या मुलांचा आभारी आहे, विशेषतः "अय्यो" म्हणणाऱ्यांचा. शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळ्यासाठी ऋणी आहे. उद्यापासून मी कुठल्याही ग्रुपवर नसेन. मी आहे की नाही, ते विचारायला घर ठाऊक आहे तुम्हाला.

आज या आनंदाच्या प्रसंगी मी कडू बोललो, वडीलधाऱ्यांना टोचून बोललो, वेळही जास्त घेतला. या सगळ्याबद्दल मला क्षमा करावी. मात्र केलीच, तर समोर येऊन तोंडानं करा. मी अजून तासभर इथंच, दाराशी उभा आहे. धन्यवाद.