झिजलेल्या पट्ट्या

बाबांची गिटार विकायला मेव्हिस नॅशव्हिलच्या एका दुकानात रांगेत उभी होती. पुढे एक म्हातारी दुकानदाराशी नवऱ्याच्या गिटारचा भाव करत होती.

“सहाशे डॉलर देतो, आजी.”

“सहाशेच? लाकडावर ओरखडासुद्धा नाही!”

“तारांखालच्या पट्ट्या झिजल्यात. बदलायलाच तीनशे जातील.”

“पहिल्या तीनच झिजल्यात. ह्यांची बोटं त्यापुढे कधी गेलीच नाहीत.”

“रोज वाजवायचे वाटतं?”

“चाळीस वर्षं, तेच ते गाणं. मी ओरडायचे, दुसरं शिका काहीतरी!”

“मग सहाशेला देताय?”

“पाचशेच द्या. पण त्या तीन पट्ट्या काढाल ना, त्या फेकू नका. मी न्यायला येईन.”

मेव्हिसने हातातली गिटारची पेटी उघडली आणि बाबांच्या गिटारवरची झिजलेली जागा बोटाने चाचपली.