खाट की खुर्ची

नाही पण, चिठ्ठी टाकून? तुम्हाला सांगतो, चिठ्ठी टाकून बारशाचं नाव ठरवलेलं मी पाहिलंय, चिठ्ठी टाकून वर्गाचा मॉनिटर नेमलेला पाहिलाय, पण माणसाच्या छातीत कळ आली, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, आणि आता ह्याच्यावर इलाज कोणता करायचा तर काढा चिठ्ठी… हे कुठं ऐकलंय तुम्ही?

आमच्या दत्तोपंत भाऊजींचं हेच झालं. बहात्तर-त्र्याहत्तरची गोष्ट, ऐन थंडी. भाऊजी म्हणजे आमच्या यमुताईचे यजमान, धरमपेठेतल्या एका शाळेत ड्रिल मास्तर, आणि माणूस कसा, तर बसणं माहीतच नाही. जेवायला बसले तरी एक गुडघा वर, न जाणो केव्हा उठावं लागेल. असा हा माणूस ग्राउंडवर पोरांना 'दाहिने मुड' सांगता सांगता स्वतःच खाली बसला आणि घामानं थबथबला. दवाखान्यात अरुंधतीबाई म्हणून तरुण डॉक्टरीण होती, ती अक्षरशः पळत आली, इंजेक्शन दिलं, रात्रभर नाडी धरून बसली. हार्ट अटॅक. वाचले. आता तुम्ही म्हणाल, झालं, सुटलो. कशाचं सुटलो? खरी गंमत तर तिथून सुरू झाली.

म्हणजे काय, की त्या वॉर्डात दोन डॉक्टर आणि दोन मतं. मोठे डॉक्टर पाध्ये, केस पांढरे, आवाज जड. ते म्हणायचे, "हृदयाला जखम झाली आहे. जखम भरेपर्यंत हलायचं नाही. कूस सिस्टर बदलेल, घास बायको भरवेल." आणि त्यांच्याच हाताखालची अरुंधतीबाई म्हणायची, "सर, पडून पडून पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, त्या फुप्फुसात जातात आणि बरा झालेला माणूस दगावतो. बाहेरच्या देशांत आता दोन-चार दिवसांत पेशंटला खुर्चीत बसवतात, मग चालवतात. त्यावर अभ्यास छापून येऊन राहिले." पाध्ये म्हणायचे, "तिकडच्या माणसाचं काळीज वेगळं." आता काळीज काय विलायती असतं का? पण मोठ्यांना कोण सांगणार. शेवटी ठरलं, आपणच अभ्यास करू. पेशंट आला, की तब्येत जरा सावरली की त्याला विचारायचं, आणि तो हो म्हणाला की बंद पाकिटातून चिठ्ठी. 'खाट' निघाली तर तीन आठवडे आडवा. 'खुर्ची' निघाली तर बसायचं, मग रोज व्हरांड्यात फेऱ्या.

भाऊजी हो म्हणाले, कारण शिस्तीचा माणूस, हो म्हणायची सवय. चिठ्ठी निघाली 'खाट'.

यमुताईनं विचारलं, "अहो डॉक्टरीणबाई, ह्यांना आडवं करणं म्हणजे शिक्षाच झाली हो, दुसरी चिठ्ठी नाही का काढता येणार?" अरुंधतीबाई अगदी गोड, पण हलायला तयार नाही. "ताई, तसं केलं तर चिठ्ठीला अर्थ काय राहिला? चिठ्ठीत निघालंय ना, मग झालं."

चिठ्ठीत निघालंय ना, मग झालं. हे वाक्य त्या वॉर्डात दिवसातून इतक्यांदा व्हायचं की भिंतीसुद्धा बोलल्या असत्या.

आणि शेजारच्या खाटेवर कोण? कवडू. सावनेरकडचा, कोळशाच्या खाणीत उमेदीचं सगळं वय घालवलेला. त्यालाही अटॅक आला होता आणि त्याची चिठ्ठी निघाली 'खुर्ची'. तुम्हाला वाटेल खूश झाला असेल. रडकुंडीला आला माणूस. भाऊजींना म्हणाला, "मास्तर, म्या जिंदगीत असा कधी पडलो नाई गा. पांढरी चादर, उशी, कोनी उठ म्हनत नाई, पाळीचा भोंगा नाई. आत्ता कुठं देवानं निजाले लावलं, तं हे बाई म्हनते चाल. काहून चालू? अन् माह्या खाणीतला एक गडी असाच उठला अन् तिथंच गेला, म्या पाह्यलं."

भाऊजी बिचारे छताकडे पाहत पडलेले. पाय चादरीखाली आपोआप हलत होते, लेफ्ट राइट, लेफ्ट राइट. ते म्हणाले, "कवडूभाऊ, तुम्ही पडायला रडता आणि मी उठायला. मला वाटून राहिलं, मी असाच पडून राहिलो तर ह्या पाठीला गादीच चिकटून येईल आणि मेलो तरी उठायचं लक्षात येणार नाही." हसले दोघं, पण तुम्हाला सांगतो, भाऊजींच्या डोळ्यांत पाणी होतं, मी डबा घेऊन तिथंच उभा होतो. भीती दोघांनाही खरी होती. एकाला चालून मरायची, एकाला पडून. पण करता काय, चिठ्ठीत निघालंय ना, मग झालं.

नाही झालं. व्हरांड्याच्या टोकाला सिस्टर सिंधूताई उन्हात स्वेटर विणत बसायच्या आणि फेऱ्या मोजायच्या. थंडी अशी की पेशंट डोक्याला मफलर, अंगावर पट्ट्यापट्ट्याचे दवाखान्याचे कपडे, नाकाचा शेंडा तेवढा बाहेर. दुरून सगळे सारखे. दुसऱ्याच दिवशी दुपारी कवडूचा मफलर भाऊजींच्या डोक्यावर, आणि भाऊजींच्या खाटेत तोंडावर पांघरूण घेऊन कवडू. मी म्हटलं, भाऊजी, काय करून राहिले? जीव जाईल. ते म्हणाले, "जाऊ दे, पण चालता चालता जाऊ दे." आणि निघाले. आधी भिंतीला धरून, हळूहळू, कपाळावर घाम. मी मागं, माझा जीव टांगलेला. पहिली फेरी झाली, वळले, आणि चेहरा असा उजळला म्हणता, शाळेला सुट्टी मिळाल्यासारखा. सिंधूताई दुरूनच म्हणाल्या, "शाब्बास कवडू, आज छान चाललास." कवडू तिकडं पांघरुणाखाली घोरत होता.

रोज हेच. डॉक्टरांचे बूट वाजले की कवडू टुणकन खुर्चीत, भाऊजी धपकन खाटेत. यमुताई भाऊजींना वरणभात भरवायची आणि ते मांजराच्या पिल्लासारखं तोंड उघडायचे, आणि तिचं पाऊल बाहेर पडलं की हे दोन खाटांच्या मधल्या जागेत पायाच्या चवड्यांवर उड्या मारायला लागायचे. उड्या नका मारू म्हणून मी हातापाया पडलो.

मग आली मीटिंग. मोठा हॉल, सगळे डॉक्टर, विद्यार्थी, कोण कोण. पाध्ये उठले, भाऊजींना पुढं बोलावलं. "हा खाटेवरचा पेशंट. तीन आठवडे हलला नाही. पाहा." आणि भाऊजींना म्हणाले, "हळू उठा, चक्कर येईल, सिस्टर, धरा ह्यांना." भाऊजी व्हीलचेअरमधून उठले आणि सवयीनं खाडकन सावधान. टाळ्या. पाध्ये म्हणाले, "चला जरा." भाऊजी हॉलच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मार्च करत गेले आणि दाहिने मुडसुद्धा केलं. पाध्यांचा चेहरा काय सांगू, नातवाला पहिला नंबर मिळाल्यासारखा. "विश्रांती," ते म्हणाले, "विश्रांतीची ताकद ही."

मग अरुंधतीबाईनं कवडूला आणलं. "हा चाललेला पेशंट. स्टेजच्या पायऱ्या चढून दाखवा, कवडूभाऊ." कवडू पहिली पायरी चढला, दुसरीवर डुलला आणि तिथंच बसला. हॉलमध्ये कुजबुज. मागून कोणी हसलं. बाईचा चेहरा पडला, ती पदरानं डोळे टिपायला लागली. पाध्ये मोठ्या मनानं म्हणाले, "ठीक आहे, तरुण आहात, शिकाल. उद्यापासून हा चालवण्याचा प्रकार बंद."

भाऊजींना वाटलं, जमिनीनं गिळावं. म्हणजे आता ह्यापुढं येणारा प्रत्येक माणूस तीन आठवडे छताकडे पाहत पडणार, आणि त्याचं कारण कोण, तर आपली उत्तम तब्येत. तोंड उघडणार, तेवढ्यात पायरीवरून कवडूच बोलला.

"बाई, रडू नका. ते माह्ये फेरे नोयत. मास्तर चालला माह्या नावावर. अन् म्या निजलो त्याच्या नावावर."

सिंधूताईंच्या हातातली विणायची सुई खाली पडली. म्हटलं, आता दोघांना धक्के मारून काढतात. पण कसलं काय? ज्या क्षणी त्या दोघा डॉक्टरांना कळलं, त्या क्षणी पेशंट राहिले बाजूला आणि वाद पेटला. पाध्ये म्हणाले, "चिठ्ठीत हा खाटेचा आहे, मग खाटेतच मोजायचा. नियम तुमचाच आहे." अरुंधतीबाईचे ओठ घट्ट. नियम तिचाच होता, आणि तोच नेमका तिच्या उलटा गेला होता. शेवटी म्हणाली, "हो सर. चिठ्ठीप्रमाणेच मोजू." मागचा एक डॉक्टर म्हणाला, "पण चालला तर हाच ना?" दुसरा म्हणाला, "जो चालला तो चालणाऱ्यांत." तिसरा म्हणाला, "मग चिठ्ठी कशाला काढली?" तासभर. भाऊजी सावधानमध्ये उभे, कवडू पायरीवर टेकून डुलक्या घेतोय, आणि ह्या दोघांना काय झालं होतं, बरं काय वाटतं, हे एकानं विचारलं असेल तर शपथ. शेवटी त्या हॉलमध्ये एकाच गोष्टीवर एकमत झालं, पाध्ये आणि अरुंधतीबाई पहिल्यांदाच एका सुरात बोलले. भाऊजी आणि कवडू, दोघांनाही अभ्यासातून वगळायचं.

अरुंधतीबाईनं मात्र पुढं आणखी पुष्कळ पेशंट घेऊन तो अभ्यास पुरा केला, आणि चालणाऱ्यांचं काही बिघडत नाही हे त्यात दिसलं. पाध्ये म्हणाले, अजून अभ्यास व्हायला हवा. कवडूला खाणीत वर बसायचं काम मिळालं, सावलीत, आणि त्यानं निरोप पाठवला, मास्तरले सांगजा, दुपारी झोप येते.

आणि भाऊजींना घरी सोडायच्या दिवशी त्यांनी दारात दोघांना विचारलं, "आता मी घरी काय करू, झोपू की चालू?" एकाच वेळी दोघं बोलले. पाध्ये म्हणाले झोपा, बाई म्हणाली चाला. तेव्हापासून भाऊजी सकाळी चालतात, दुपारी झोपतात, आणि कोणी तब्येत विचारली की हात जोडून सांगतात, "आम्हाला काही विचारू नका हो, आम्ही वगळलेले आहोत."