माह्या गंजाचा आवाज

मी नरखेड तालुक्यातली. माहा बाप दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत मजुरी करे, अन् झाडाखाली पडलेली संत्री मालक घेऊन जा म्हणे, त्याचं माय शरबत करून ठेवे, पाक चुलीवर, अन् खोलीत असा धूर की डोये उघडत नसत, मंग काय, माय कानानंच पाक ओळखे. मलेही तेच वळण लागलं. काय सांगू तुम्हाले ताई, शाळा पाचवीपर्यंतच झाली माही, पण गंजात, म्हणजे पातेल्यात, काय चाललं ते मी पाठ फिरवून बसली तरी सांगते.

लग्न होऊन अमरावती रोडवरच्या वाडी गावात आली. तिथल्या एका गोदामाच्या कँटिनमध्ये अठरा वर्षं सैपाक केला, टमाट्याचा सॉससुद्धा घरचा, विकतचा नाई. हात कांद्यात अन् कान गंजाकडे. टमाट्यात पाणी हाय तोवर खळखळ, घट्ट झालं की फद, थांबून थांबून, फद. तेव्हा सिरका टाकायचा अन् उतरवायचं. आधी उतरवलं तर बाटलीत फसफसते, उशीर केला तर बुडाले लागते. मिनटं नाई मोजत मी. टमाटा काय घड्याळ पाहून शिजते?

मंग बायांच्या एका संस्थेनं मले सॉस शिकवाले लावलं, कॉम्प्युटरवरून. बाया आपापल्या घरी गॅस पेटवून बसत. सुरवातीले आवाजच नाई जाय, सगळ्या नुसत्या हात हलवून राहिल्या. सुनेनं दाखवलं, माइक कोणता धरला ते पाहा, हेडफोनची पिन पुरी आत गेली का पाहा. दोन दिवसांत शिकली मी. आवाज पोहोचाले लागला, पण बायांचे सॉस बिघडले! एकीचा जळला, एकीच्या बाटलीचं झाकणच उडालं. संस्थेच्या म्याडम म्हणे मावशी, तुम्हाले शिकवता येत नाई, पुढच्या वेळी आमची शिकलेली मुलगी बोलेल, तुम्ही फक्त मागं उभ्या राहून हलवा. हलवा! आता या वयात मी मुकी! लई लागलं ताई मले, दोन दिवस जेवण गेलं नाई.

म्हटलं गलती कुठं हाय ते पाहतेच. वर्गाचं रेकॉर्डिंग होतं, लावलं. माहा आवाज साफ. आता ऐका, म्हणते मी, अन् चूप बसते, अन् मंग काहीच नाई. गंज वाजतच नाई. अन् ट्रकही नाई! अमरावती रोडच्या काठावर पाऊण तास अन् एक हॉर्न नाई? वाडीत असं होते काय बाप्पा? तवाच समजलं, हे कॉम्प्युटरनं खाल्लं.

संस्थेच्या कॉम्प्युटरवाल्या सरले फोन केला. तो म्हणे हो मावशी, मागचा आवाज दाबायचं बटन मीच चालू ठेवलं, फालतू आवाज येऊ नये म्हणून. फालतू? काहून गा, म्हटलं, तुह्यासाठी फालतू असन, माही विद्या हाय ते. म्हणे मंग ट्रकही येतील. म्हटलं येऊ दे. अन् आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन मीच बंद केलं, सुनेले हातसुद्धा नाई लावू देल्ला.

पुढच्या वर्गाले म्याडम अन् ती मुलगी, दोघी हजर. मी म्हटलं आज मीच बोलणार, बसा. टमाटे चढवले, बायांले सांगितलं, आता मी चूप राहते, कान द्या. हॉर्न वाजले, दोघीतिघी हसल्या. मंग खळखळ, किती तरी वेळ खळखळ, अन् मंग फद. मी तोंड उघडायच्या आधी पारशिवनीची एक जण ओरडली, बाई, माह्या इथंही तसंच वाजून राहिलं, सिरका टाकू? टाक वं माय, म्हटलं, टाक. रडू आलं मले, लपवत नाई मी. म्याडमनं खुर्ची गंजाजवळ ओढून घेतली.

त्या दिवशीचा कोणाचाच सॉस बिघडला नाई. वर्ग अजून मीच घेते. सर अजूनही म्हणून राहिला, मावशी, ते बटन चालू करा, ऐकाले बरं वाटते. नाई करत. माह्या बाया सुखी राहो, त्यांच्या घरोघरी सॉस शिजो. अन् ज्याले शांतताच पाहिजे, त्यानं दुकानातून बाटली आणावी.