खरा नाग, खोटी बाई

...सोडणार नाही म्हणजे नाही, त्या नागवाल्या बाईचं लुगडं मी सोडणार नाही, असं मी डायरेक्टर नारायणस्वामींना तोंडावर सांगितलं, आणि तुम्हाला सांगते, लाईटवालेसुद्धा शिडीवरून वाकून बघायला लागले. मद्रासला कोडंबाक्कमच्या त्या स्टुडिओत मी नट्यांना लुगडी नेसवते, अकरा वर्षं झाली. ह्या खेपेचं चित्र, म्हणजे सिनेमा, आमच्या तंजावरच्या मराठी राजाचं, म्हणून मी जरा नाक वर करूनच होते. राणीची एक निरी चुकली तर नारायणस्वामी शूटिंग थांबवायचे, "राजसबाईंना बोलवा, इतिहास चुकायला नको."

आता राजा शिकारीत वाट चुकतो, रानातल्या लोकांच्या एका लग्नात सापडतो, असा प्रसंग. तिथे नाग हवा, तो खराच हवा, म्हणून चेंगलपट्टूकडून कन्निअम्माला आणली. इरुळर जमातीची बाई, साप धरण्यात त्यांच्या पिढ्या गेलेल्या. धुवट निळं लुगडं, केसांत अबोली, हातात टोपली. नारायणस्वामींना नाग पसंत पडला, बाई नाही पडली. म्हणे हिला पानांचा घागरा नेसवा, अंगाला काजळी फासा... आणि म्हणे ऐतिहासिक चित्र.

त्यांचा असिस्टंट गुरुराज, आमच्यातलाच, कानाशी येऊन, "आक्का, नेसवून टाका ना, रानातली आहे हे पब्लिकला कळायला नको?" अरे, तुझी आजी तंजावरची आहे हे कळावं म्हणून तिला तिथल्या त्या मोठ्या तोफेवर बसवतोस का?

मी सरळ कन्निअम्मालाच विचारलं, तुमच्यात पानं कोण नेसतं? ती म्हणाली, "पानांत मुंग्या असतात, अम्मा. आम्ही रानातले, आम्हाला नाही ठाऊक होय?" त्यांची लग्नं म्हणे महाबलीपुरमला, माशी महिन्यात, म्हणजे आपल्या माघाच्या पुनवेला, समुद्राच्या वाळूत, देवीपुढे. इथे सेटवर मांडल्या होत्या कवट्या. आणि म्हणे ऐतिहासिक चित्र.

तेव्हा नारायणस्वामी तडकले, "घागरे आठ दिवस बसून तुम्हीच शिवलेत ना? तेव्हा कुठे होता तुमचा इतिहास?"

खरं होतं हो. राणीच्या निरीसाठी भांडणारी मी, बारा घागऱ्यांना पानं टाचताना, हे ज्यांच्या नावावर खपणार त्यांना विचारावं, असं मनातही आलं नाही. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षर शिकलेली बाई मी, मला कोणी अडाणी म्हटलं तर फाडून खाते, आणि ही समोर पदर दोन्ही हातांनी धरून उभी... तिनं नाही म्हणावं तर नागासकट परत पाठवतील, मजुरीही बुडेल.

शेवटी ती लुगड्यातच उभी राहिली. अगदी मागे, पडद्यावर बोटाएवढी दिसेल, दिसलीच तर. पुढे अकरा नाचणाऱ्या काजळी फासून माझ्याच घागऱ्यांत नाचल्या, ते काही मला थांबवता आलं नाही. पण नारायणस्वामींनी तिला लुगड्यात राहू दिलं, भांडण मिटलं, ते मी तिच्यासाठीचा बारावा घागरा स्वतःच्या कमरेला लावून म्हटलं तेव्हा, "शिवलेत मीच, तर हा मीच नेसते, लावा तुमचा कॅमेरा."